चिपळूणचं कार्ड

माणूस गेला की त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलायचे असतात. मी बोलायला बसले की आधी तोंडात येतं ते हेच, की आमचे सर हट्टी होते, खडूस होते, आणि बशीतून चहा पिताना फुर्रकन आवाज करायचे. नऊ वर्षं मी त्यांच्या पडवीत बसून काम केलं. त्याआधी लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते. तिथे शिफ्ट केल्या, कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढल्या आणि शेवटी सुपरवायझरशी भांडून रत्नागिरीला घरी येऊन बसले. मग कुणीतरी सांगितलं, परटवण्याच्या उतारावर एक निवृत्त मास्तर आंबेवाल्यांसाठी कसले तरी डबे बनवतात, त्यांना डिप्लोमावालं माणूस हवंय.

गेले. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, नाव विचारलं नाही. माझ्यापुढे एक चालू डबा ठेवला आणि म्हणाले, "हा बंद कर."

मी वायर उपटली.

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "पण असं परत करायचं नाही. तो लिहीत होता. लिहिणाऱ्याचा हात धरू नये."

म्हणजे काय ते कळायला मला महिना लागला. डब्यात हाताच्या पंजाएवढा एक बोर्ड असायचा. तेवढ्यावर अख्खा कॉम्प्युटर. आंब्याच्या कलमांमध्ये तो टांगून ठेवायचा. ऊन किती, हवेत दमटपणा किती, हे तो दर थोड्या वेळाने मोजायचा आणि फार तापलं तर बागायतदाराच्या मोबाइलवर निरोप धाडायचा. पण एकदा बंद झाला की ह्या बोर्डाला स्वतःचं काही आठवत नाही. त्याची सगळी अक्कल बाजूच्या खाचेत बसवलेल्या नखाएवढ्या मेमरी कार्डात. कार्ड लिहीत असताना वीज गेली तर लिहिलेलं अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी डबा उठतच नाही. आमच्याकडे वीज कशी जाते ते मी सांगायला नको.

"बोर्ड बिघडत नाही," सर म्हणायचे. "बिघडतं ते कार्ड. आणि ते आजारीसुद्धा पडत नाही. बरं असतं, बरं असतं, आणि एक दिवस नसतं. मरताना सांगत नाही."

कार्ड का मरतं, हेही त्यांनी मला पाटीवर समजावलं होतं. पडवीत खरोखरची दगडी पाटी होती. कार्डात एक अक्षर बदलायचं असलं तरी आजूबाजूचं पानभर पुसून पुन्हा लिहावं लागतं, आणि प्रत्येक पुसण्याने ती जागा थोडी झिजते. पाटी थुंकी लावून पुसत राहिलं की शेवटी गुळगुळीत होते आणि पेन्सिल उठत नाही, तसं. म्हणून त्यांचा नियम होता, की डब्याने उगाच लिहू नये. दिवसभराचं मनात ठेवावं आणि सकाळ-संध्याकाळ दोनदाच उतरवावं. बागेतले आमचे डबे तसेच वागायचे. सरसुद्धा थोडेफार तसेच वागायचे.

नियम खंडीभर होते. नवं कार्ड आलं की लगेच डब्यात घालायचं नाही. बारा दिवस ते पडवीतल्या एका बोर्डावर रात्रंदिवस भरायचं, पुसायचं, वाचून बघायचं. बारा दिवस टिकलं तर बाराव्या दिवशी त्याचं बारसं. बारसं म्हणजे काकींची लाल नेलपॉलिश घेऊन त्याच्या पाठीवर नंबर घालायचा. काकी म्हणजे सरांची बायको. मग त्या कार्डाचा जन्म वहीत नोंदला जायचा. कुणी आणलं, कुठून आणलं, कारखान्याने त्याच्या पोटात घातलेला नंबर काय, कुठल्या बागेत गेलं. मेलं की तारीख आणि कारण. ती वही दुसऱ्या कुणी उघडायची नाही. मेलेली कार्डं लोणच्याच्या जुन्या बरणीत जायची. बरणी पाऊण भरली होती.

दरवर्षी आगोटीला, म्हणजे पावसाळ्यासाठी घरात सुकी मासळी, मिरच्या, तांदूळ भरून ठेवायच्या दिवसांत, आम्ही सगळ्या डब्यांची कार्डं बदलायचो, बरी असली तरी. लोक बाजारातून सोडे आणि सुकट घेऊन निघालेले असायचे आणि सर कार्डांची डबी घेऊन. ओळखीचं कुणी भेटलं आणि विचारलं, मास्तर, काय भरलंत, तर डबी उघडून दाखवायचे. लोक बघायचे आणि विषय बदलायचे.

आणि एक नियम सगळ्यांत कडक. ज्या डब्यावर कुणाचं काही अवलंबून आहे, त्याला दोन कार्डं. दोन्हींवर एकदम लिहायचं, एक मेलं तर दुसऱ्याने उभं राहायचं. पण ही दोन कार्डं एका दुकानातली नकोत, एका गावातलीसुद्धा नकोत. "एका पाकिटातली जुळी असतात," सर म्हणायचे. "एका दिवशी जन्मतात, सारखंच खातात, सारखंच झिजतात आणि एकापाठोपाठ जातात. मग दुसरं ठेवून उपयोग काय?"

मी मान डोलवायची. नऊ वर्षांत मान डोलवायला मी फार चांगली शिकले होते.

त्यांच्या खडूसपणाची एक गोष्ट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. गोळपजवळच्या एका बागेतला डबा बंद पडला. तिथल्या गड्याने रोज रात्री डब्याची वायर काढून आपला मोबाइल चार्जिंगला लावला होता. डब्यातल्या नोंदींवरून ते स्वच्छ कळत होतं. मी त्याला फैलावर घेणार तेवढ्यात सरांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. त्याला म्हणाले, "कुणी हात लावला होता काय रे?"

"नाय ओ मास्तर. मी कशाला हात लावू?"

"बरं," सर म्हणाले आणि दगडावर बसले. गड्याने चहा आणून दिला. सरांनी आंब्याचं विचारलं, त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारलं. तास झाला, दीड तास झाला. मी उन्हात उभी राहून चरफडत होते. शेवटी तो गडी खाली बघत म्हणाला, "मास्तर, माझ्याकडनंच झालं ओ." सर लगेच उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तिथल्या तिथे दुसरं कार्ड घातलं आणि त्याच्या मोबाइलसाठी वेगळी वायर काढून दिली. मालकाला एक शब्द बोलले नाहीत.

येताना मी म्हटलं, "सर, तुम्हाला माहीत होतं ना? मग दीड तास कशाला घालवला?"

"कार्डाला तोंड नाही, म्हणून ते सांगत नाही," ते म्हणाले. "माणसाला तोंड आहे. त्याने सांगायला पाहिजे. मी का सांगू?"

मला ते ऐकून डोक्यात तिडीक गेली होती. दुसऱ्याचं खोटं माहीत असून गप्प बसायचं आणि तो कधी बोलतो ते बघत राहायचं, हा कुठला मोठेपणा? मास्तरकी अंगात मुरलेली असते, दुसरं काय.

काकी अगदी उलट. बुरोंडीच्या. पुळणीवर उभं राहून होडीतल्या माणसाला हाक मारायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे त्या स्वयंपाकघरातून "चहा ठेवलाय" म्हणाल्या की उताराखालच्या रिक्षावाल्यालाही कळायचं. मनात काही ठेवायच्या नाहीत. सर जेवताना कार्डांच्या गोष्टी सांगायला लागले की त्या पातेलं आपटून म्हणायच्या, "माहीत आहे हो मला ते. किती वेळा सांगाल?" आणि मला म्हणायच्या, "गो बाय, जेवून जा. ह्यांच्या नादी लागलीस तर उपाशी मरशील."

त्यांचा आवाज बसला तेव्हा आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग मुंबईला तपासलं, आणि घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल असं सांगितलं. काढली तर जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला आठ दिवस होते.

सरांनी त्या आठ दिवसांत दुसरं काही केलं नाही. त्यांनी चोवीस बटणांचा एक डबा केला, आणि काकींनी त्यात चोवीस वाक्यं भरायची असं ठरलं. आवाज बसलेला होता, पण सकाळच्या वेळी गरम पाणी पिऊन थोडा वेळ जुन्यासारखा निघायचा. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या आणि आत आम्ही तिघं घामाघूम होऊन बसायचो. सरांनी यादी करून आणली होती. तिच्यात पहिली संध्याकाळची प्रार्थना होती. काकींनी यादी बाजूला ठेवली.

"देवाला मनातलं कळतं," त्या म्हणाल्या. "मासेवालीला कळत नाही. आधी तिचं घ्या." आणि माइकसमोर तोंड नेऊन म्हणाल्या, "हे ताजं नाही. डोळा बघ त्याचा."

मग एकेक झालं. चहा ठेवलाय. दार उघडं राहिलंय. कोण आलंय ते बघा. मीठ बेताचं घाला. जेवून जा. "माहीत आहे हो मला ते. किती वेळा सांगाल?" हेसुद्धा त्यांनी भरलंच. सर म्हणाले, ह्यावर एक बटण कशाला फुकट घालवतेस? काकी म्हणाल्या, सगळ्यांत जास्त तेच लागणार आहे.

शेवटचं लाल बटण होतं. ते काकींनीच मागितलं. सरांना त्याआधी एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. "माझं तोंड गेल्यावर तुम्हाला काय झालं तर मी बोंबलू कशी?" काकी म्हणाल्या. "थाळी बडवू?" सरांनी त्या एका बटणासाठी छपराखाली बाहेरच्या बाजूने भोंगा बसवला. काकी पोटातून जोर काढून म्हणाल्या, "अहो, कुणीतरी या हो. ह्यांना बरं नाही." आणि मग खोकत बसल्या.

ऑपरेशन झालं. काकी वाचल्या. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडकं, आणि कमरेला टेकवलेला तो डबा. बाकीचं बोलणं पाटीवर. मासेवाली पहिल्या दिवशी डबा बोलला तशी दोन पावलं मागे सरली. चौथ्या दिवशी ती डब्याशी भांडायला लागली. "तुझ्या पेटीला काय कळतंय गो, आताच बंदरावरनं आणलाय." काकी तेच बटण परत दाबायच्या. हे ताजं नाही. डोळा बघ त्याचा. शेवटी मासेवाली वैतागून पापलेट बदलायची.

ह्या डब्याला अर्थातच दोन कार्डं होती. पण इथे सरांनी स्वतःचाच नियम मोडला. काकींनी बटण दाबलं की डबा लगेच लिहून ठेवायचा, कुठलं वाक्य, किती वाजता. बागेतले डबे दिवसातून दोनदा लिहिणार आणि घरातला डबा दर वाक्याला. मी विचारलं, "सर, ही कार्डं झिजतील ना?"

"हे वेगळं आहे," ते म्हणाले.

संध्याकाळी चष्मा लावून ते ती नोंद वाचत बसायचे. "आज मीठ तीनदा. चहा पाचदा," असं स्वतःशीच म्हणायचे. बायको दिवसभरात काय बोलली, हे जवळजवळ चाळीस वर्षांत त्यांनी कधी ऐकलं नसेल, ते आता वाचत होते. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

गेल्या वर्षीच्या आगोटीच्या आधीची गोष्ट. मी मामेबहिणीच्या लग्नाला मुंबईला निघाले होते. सर म्हणाले, "घरच्या डब्याची कार्डं ह्या वेळी तू आण. एक मुंबईत घे. येताना गाडीतून चिपळूणला उतर, दुसरं तिथल्या दुकानातून घे आणि पुढे एसटीने ये." ऑनलाइन मागवलेल्या कार्डांवर त्यांचा विश्वास नव्हता. दुकानात हातात घेऊनच घ्यायचं.

मुंबईच्या दुकानात कार्डं जोडीनेच पाकिटात होती. मला आठवतं, माझ्या एका हातात साडीची पिशवी होती, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा, डोकं ठणकत होतं, आणि मनात आलं, चिपळूणला भर दुपारी उतरायचं, रिक्षा करून बाजारात जायचं, परत एसटी, आणि कशासाठी? नखाएवढ्या तुकड्यासाठी? मी जोडीचं पाकीट घेतलं. रत्नागिरी स्टेशनवर पाकीट फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि सरांच्या हातात दोन सुटी कार्डं दिली.

"हे मुंबईचं," मी म्हटलं, "आणि हे चिपळूणचं."

कार्डाच्या पोटात नंबर असतो आणि सर तो वहीत उतरवतात, हे मला माहीत होतं. पण खोटं बोलणाऱ्याला नेमकं तेवढंच आठवत नाही. सर "बरं" म्हणाले. बारा दिवस गेले, बारसं झालं. एकशे सेहेचाळीस आणि एकशे सत्तेचाळीस. नंबर घालताना त्यांनी विचारलं, "चिपळूणचं कुठलं गं?"

"हे," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि त्यावर सत्तेचाळीस घातलं.

वर्षभरात त्यांनी ते चार-पाच वेळा काढलं असेल. चिपळूणला दुकान कुठेशी आहे ते? तिथे पूर येतो तर माल वरच्या मजल्यावर ठेवतात का गं? मला वाटायचं, म्हातारपण आलं. एकदा मी खेकसले, "सर, किती वेळा तेच? स्टेशनच्या रस्त्याला आहे म्हटलं ना." आतून काकींचं बटण वाजलं. माहीत आहे हो मला ते, किती वेळा सांगाल. आम्ही दोघंही हसलो. म्हणजे मी हसले. ते हसले का, हे मला आता सांगता येत नाही.

ह्या वर्षी आगोटीला सरांनी नवी कार्डं मला आणायला सांगितली नाहीत. एक कोल्हापूरहून त्यांच्या भाच्याने आणलं, एक पुण्याहून कुणीतरी. ती बारा दिवसांसाठी लावली. त्यातला आठवा दिवस होता. सकाळी मी गेले तर सर काकींच्या डब्यापाशी उभे. डब्यावरचा पिवळा दिवा लागला होता. पिवळा म्हणजे पहिलं कार्ड मेलं, आता दुसऱ्यावर चाललंय.

"सेहेचाळीस गेलं," सर म्हणाले.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"सत्तेचाळीस आहे अजून," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, अगदी हळू, "चिपळूणचं. टिकेल ना गं?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की सर, ते चिपळूणचं नाही, आजच्या आज बदला. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी काय कमी बोलले? कंपनीत सुपरवायझरच्या तोंडावर फाइल फेकून आलेली बाई मी. पण वर्षभर जुनं झालेलं खोटं बाहेर काढायला निराळंच तोंड लागतं. मी स्वतःला समजावलं, चार दिवसांनी नवी कार्डं लागतीलच. चार दिवसांत काय होणार आहे?

"टिकेल, सर," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले.

अकराव्या दिवशी मी गोळपच्या बागेत होते. दुपारची वेळ, मे महिना, सगळी वाडी जेवून आडवी झालेली. सर पडवीत खुर्चीतून खाली कोसळले. काकींनी लाल बटण दाबलं. परत दाबलं. डब्यावर एकही दिवा नव्हता. सकाळी सातला तोच डबा "चहा ठेवलाय" म्हणाला होता.

मग काकींनी थाळी बडवली.

शेजारच्या बागायतदारांना सगळे भाऊ म्हणतात. ते घरात लवंडले होते. त्यांना थाळी ऐकू आली. पण आंब्या-फणसाच्या दिवसांत आमच्याकडे दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी थाळी नाहीतर डबडं बडवत असतं, वांदर हाकायला. भाऊंना वाटलं, मास्तरांच्या फणसावर वांदर आलेत. ते कुशीवर वळले. अर्धा तास झाला तरी आवाज थांबेना आणि तो गेटापाशी आला, तेव्हा उठून बघायला आले. काकी थाळी आणि उलथनं घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं, असं भाऊ मला नंतर म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्याऐवजी त्यांनी काहीही म्हटलेलं मला चाललं असतं.

तेरावा झाल्यावर मी पडवी उघडली. नवी दोन्ही कार्डं अजून बोर्डावर चालूच होती. बारा दिवस होऊन गेले तरी त्यांना कुणी थांबवलंच नव्हतं. काकींच्या आवाजाची प्रत सर एका डिस्कवर ठेवायचे, आणि ती डिस्क ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात. ती काढली. नवी कार्डं भरायच्या आधी त्यांना नंबर कुठला घालायचा ते बघायला म्हणून मी पहिल्यांदा ती वही उघडली.

तोवर माझ्याकडे एक आधार होता. सरांनीच नियम मोडला, दर वाक्याला लिहायला लावलं, कार्डं त्यानेच झिजली, असं मी तेरा दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटंही नव्हतं.

वहीत शेवटच्या भरलेल्या पानावर सरांचं बारीक अक्षर होतं.

"१४६, १४७. आणणारी म्हणते एक मुंबई, एक चिपळूण. पोटातले नंबर लागोपाठचे. एका पाकिटातली. आज ना उद्या स्वतः सांगेल. सांगितलं की १४७ लगेच बदलायचं."

त्याखाली वेगळ्या शाईने, "१४६ गेलं. विचारलं. नाही सांगितलं."

पुढे काही नव्हतं.

मला आधी त्यांचा राग आला. अजूनही येतो. स्वतःच्या जिवाचं लाल बटण ज्या कार्डावर आहे ते खोटं आहे हे माहीत असलेला माणूस वर्षभर माझ्या तोंडाकडे बघत बसतो? हातात कार्ड, हातात बोर्ड, पाच मिनिटांचं काम, आणि हा माणूस मी कधी बोलते त्याची वाट बघतो? गड्यासाठी दीड तास थांबले होते. माझ्यासाठी वर्ष थांबले. तो गडी दीड तासात बोलला होता.

मी नेलपॉलिशने नंबर घातले, कार्डं डब्यात बसवली, डबा सुरू केला आणि काकींना बोलावलं. एकेक बटण दाबून बघायला लागले. काकी दारात उभ्या होत्या आणि त्यांचा जुना, धडधाकट आवाज खोलीत एकेक वाक्य बोलत होता. चहा ठेवलाय. दार उघडं राहिलंय. तेवीस बटणं झाली. लाल बटण मी सोडलं.

काकी पुढे आल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लाल बटण दाबलं.

बाहेर भोंग्यातून तो आवाज अख्ख्या उतारावर गेला. अहो, कुणीतरी या हो. ह्यांना बरं नाही.

काकी घड्याळाकडेच बघत होत्या. मिनिटकाटा हललासुद्धा नसेल, भाऊ अनवाणी, बनियनवर, कुंपणावरून उडी मारून पडवीत आले. मागून त्यांची सून धावत आली. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, काकींकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. त्यांना कळलं. ते तिथेच पायरीवर टेकले, आणि मग सुनेबरोबर परत गेले.

मग मी सांगितलं. मुंबईचं दुकान, जोडीचं पाकीट, चिपळूणला न उतरणं, टिकेल म्हणणं, सगळं. भराभरा सांगितलं, मधे थांबले असते तर पुढचं निघालं नसतं. काकी ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी पाटी उचलली नाही. डबा जवळ ओढला आणि एक बटण दाबलं.

"माहीत आहे हो मला ते. किती वेळा सांगाल?"

आवाजात तेव्हाचं हसू होतं. काकींच्या तोंडावर नव्हतं.

मी उठायला लागले. पडवीच्या पायरीपर्यंत गेले असेन, मागून डबा परत वाजला. "जेवून जा."

काकींनी दोन पानं वाढली. भात आणि कुळथाची पिठी. मी बसले. जेवताना अर्ध्यावर उठायचं नाही, सरांना ते खपायचं नाही. चारदा उठावंसं वाटलं. समोर काकी खाली मान घालून, गळ्यावरचं फडकं एका हाताने धरून जेवत होत्या. मी पान पूर्ण संपवलं.